श्रवणचाचणीचा इतिहास : ऐकणे मोजायचे कसे?

प्रास्ताविक

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना नोकरीचे पत्र आले की सोबत वैद्यकीय तपासणीची यादीही येते. त्या यादीत कधीकधी श्रवणचाचणी असते, आणि मग एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, या चाचणीची तयारी कशी करायची?" प्रश्न ऐकून हसू येते, पण तो अगदीच चुकीचा नाही. बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन लावतात, हातात बटण देतात आणि काचेपलीकडची व्यक्ती काहीतरी लिहीत राहते. परीक्षेसारखेच वाटते. मग काहीजण ऐकू आले नाही तरी अंदाजाने बटण दाबतात, आणि ज्यांना ऐकायला खरेच त्रास होतो ते चाचणीच टाळतात.

या टिपणात आपण संपूर्ण श्रवणचाचणीचे टप्पे पाहणार आहोत. साधारण अर्धा ते एक तास चालणाऱ्या या तपासणीतला प्रत्येक टप्पा वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून तयार झाला. अडचणीचे मूळ मात्र एकच होते. ऐकणे हा ज्याचा त्याचा आतला अनुभव आहे. तुम्हाला काय ऐकू येते ते मला दिसत नाही. मग त्याचा आकडा कसा काढायचा, आणि तो आकडा दुसऱ्याला पडताळून कसा पाहता येईल? हा प्रश्न लक्षात ठेवून पुढचे टप्पे वाचा.

पहिला टप्पा : विचारपूस आणि कानाची पाहणी

चाचणीची सुरुवात यंत्राने होत नाही, प्रश्नांनी होते. कान दुखतो का, पाणी येते का, कानात शिट्टीसारखा आवाज होतो का, चक्कर येते का, घरात कोणाला कमी ऐकू येते का, आणि काम कुठे करता? यातला शेवटचा प्रश्न सर्वात जुन्यांपैकी एक आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर तांबे ठोकणाऱ्या कारागिरांना बहिरेपणा येतो, असे त्यांनी त्यात नोंदवले.

१८८६ मध्ये ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी याच निरीक्षणाला आकड्यांची जोड दिली. त्यांनी बॉयलर बनवणारे १०० कामगार घेतले आणि त्यांची तुलना ओतकाम करणाऱ्यांशी व टपाल वाटणाऱ्यांशी केली. साधन होते खिशातले घड्याळ. घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते मोजायचे. बॉयलर कामगारांपैकी एकाचेही ऐकणे पूर्ण सामान्य निघाले नाही. पद्धत साधी होती, पण तुलनेसाठी दुसरे गट घेतल्यामुळे निष्कर्ष ठाम झाला. वर्कशॉपमध्ये कानाला संरक्षक लावायला सांगतात, त्यामागे अशा नोंदींची मोठी परंपरा आहे.

दोष घड्याळाचा होता. प्रत्येक घड्याळाचा आवाज वेगळा, प्रत्येक खोली वेगळी. एडिंबरोच्या डॉक्टरने मोजलेले अंतर व्हिएन्नाच्या डॉक्टरला उपयोगी पडत नसे.

विचारपूस झाली की कानात प्रकाश टाकून पडदा पाहतात. कानाची नळी अरुंद आणि वळणदार असल्यामुळे डॉक्टरच्याच डोक्याची सावली पडायची. १८४१ मध्ये जर्मन डॉक्टर फ्रीडरिश होफमान यांनी मध्ये छिद्र असलेला अंतर्गोल आरसा वापरून प्रकाश आत वळवला आणि छिद्रातून पाहिले. १८५५ नंतर आंतोन फॉन ट्र्योल्च यांनी ही पद्धत रूढ केली. आज हातातल्या ओटोस्कोपमध्ये दिवा आणि भिंग एकत्र असते. या पाहणीत पुष्कळदा नुसता साचलेला मळच सापडतो. तो काढेपर्यंत पुढच्या चाचण्यांना अर्थ नसतो.

दुसरा टप्पा : नादकाटा

शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही नादकाटा हाताळला असेल. इंग्लंडचे वादक जॉन शोर यांनी तो १७११ मध्ये वाद्ये जुळवण्यासाठी बनवला. कानाच्या तपासणीत तो यायला आणखी शंभराहून अधिक वर्षे गेली.

१८३४ मध्ये एर्न्स्ट हाइनरिश वेबर यांनी एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. वाजता नादकाटा डोक्याला टेकवला आणि एक कान बोटाने बंद केला, तर आवाज त्या बंद कानात मोठा वाटतो, हे निरीक्षण त्यात आहे. वेबर यांचा हेतू रोग ओळखण्याचा नव्हता. तो उपयोग पुढे इतरांनी केला. १८५५ मध्ये हाइनरिश अडॉल्फ रिने यांनी दुसरी तुलना मांडली. नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवायचा, तिथे ऐकू येणे थांबले की कानासमोर धरायचा. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो, कारण हवेतून येणारा आवाज पडदा आणि तीन लहान हाडांच्या साखळीमुळे अधिक परिणामकारक पोहोचतो. ही साखळी बिघडली असेल, तर हाडातून ऐकणेच सरस ठरते.

या दोन चाचण्यांनी एक मोठा प्रश्न सोडवला. अडथळा बाहेरच्या व मधल्या कानात आहे की आतल्या कानात व मज्जातंतूत, हे शस्त्र न लावता कळू लागले. पहिल्या प्रकारात औषध किंवा शस्त्रक्रिया अनेकदा उपयोगी पडते. म्हणून आजही ५१२ हर्ट्झचा नादकाटा कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या टेबलावर असतो.

वेबर यांच्या त्याच ग्रंथात स्पर्श आणि वजन यांवरचे प्रयोगही आहेत. जाणवणारा फरक हा मूळ राशीच्या प्रमाणात असतो, हा त्यांचा नियम १८६० मध्ये गुस्ताव फेशनर यांनी लॉगरिदमच्या रूपात मांडला. हा लॉगरिदम लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटेल.

तिसरा टप्पा : टेलिफोनमधून आलेला ऑडिओमीटर

नादकाट्याचा आवाज सारखा घटत जातो आणि कोणी तो जोरात वाजवतो, कोणी हळू. आवाजाची पातळी हवी तेवढी ठेवता येईल असे साधन विजेने दिले. १८७६ मध्ये टेलिफोन आला. १८७९ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी टेलिफोनचा श्रवणभाग आणि मोजपट्टीवर सरकणारी तारेची गुंडाळी जोडून उपकरण केले. गुंडाळी सरकवली की आवाज कमीजास्त होई. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी त्याला ऑडिओमीटर हे नाव दिले.

खरी प्रगती निर्वात नळीमुळे झाली. हवी ती वारंवारता आणि हवी ती तीव्रता आता स्थिर मिळू लागली. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते आर. एल. वेगेल व हार्वे फ्लेचर आणि न्यूयॉर्कचे कानतज्ज्ञ एडमंड फाउलर यांच्या कामातून व्हॅक्यूम ट्यूबचा ऑडिओमीटर तयार झाला. टेलिफोन कंपनीला कानात रस का असावा? कारण तारेतून कोणत्या वारंवारता पाठवल्या तर बोलणे समजते आणि कोणत्या गाळल्या तरी चालते, हे कळल्याशिवाय स्वस्त आणि चांगली लाइन टाकता येत नव्हती. कान हा त्यांच्या साखळीतला शेवटचा भाग होता.

तारेतल्या घटीसाठी याच अभियंत्यांनी १९२० च्या दशकात एक एकक वापरात आणले. त्याला नाव मिळाले डेसिबल, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्यावरून. दोन शक्तींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम घेऊन त्याला १० ने गुणायचे. निरोगी कान जे सर्वात मंद आणि जे सर्वात मोठे आवाज सहन करतो, त्यांच्या शक्तीचे गुणोत्तर साधारण एकाला एक लाख कोटी एवढे असते. डेसिबलमध्ये ते १२० वर मावते.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. तुम्ही ध्वनिरोधक खोलीत बसता. आधी एका कानात, मग दुसऱ्या कानात २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर येतात. नंतर कानामागच्या हाडावर छोटा कंपक लावून तीच चाचणी होते, म्हणजे रिने यांचीच तुलना, पण आकड्यांत. कधीकधी दुसऱ्या कानात 'श्श' असा आवाज सोडतात. तपासायच्या कानाऐवजी चांगला कानच उत्तर देऊ नये, हा त्यामागचा हेतू. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कानात खडखडाट करणारी एक डबी वापरात आणली होती.

निकाल आलेखावर उमटतो. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा आलेख उलटा वाटतो, कारण डेसिबल वरून खाली वाढत जातात. सामान्य ऐकण्याची रेघ वर ठेवायची आणि ऐकणे घटले की बिंदू खाली उतरायचा, ही सुरुवातीची मांडणी तशीच टिकली. म्हणून बिंदू जितका खाली, तितका सूर मोठा करावा लागला असे समजा. ४००० हर्ट्झच्या आसपास आलेख खड्ड्यासारखा खाली जाऊन ८००० ला पुन्हा वर आला, तर तज्ज्ञ तुम्हाला मोठ्या आवाजाबद्दल विचारतील, मग तो यंत्राचा असो की इयरफोनचा.

शून्य म्हणजे कोणाचे शून्य?

आलेखावरचे शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी कानाच्या तरुणांना सरासरी जेमतेम ऐकू येणारी पातळी म्हणजे शून्य. म्हणूनच काहींचा निकाल उणे ५ असाही येतो. पण हे तरुण कोण?

अमेरिकेत १९३५-३६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य पाहणी झाली. तिच्यातील मोजमापांवर १९५१ चे अमेरिकी प्रमाण बेतले होते. ब्रिटनमध्ये नंतर काटेकोर परिस्थितीत मोजणी झाली, तेव्हा तिथले तरुण बऱ्याच मंद आवाजालाही प्रतिसाद देताना आढळले. ब्रिटिशांचे कान अधिक तीक्ष्ण नव्हते, फरक मोजणीच्या परिस्थितीचा होता. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण आले आणि जुने शून्य वारंवारतेनुसार सुमारे ६ ते १५ डेसिबलने सरकले. म्हणजे आदल्या दिवशी ३० डेसिबल घट असलेला माणूस नव्या कागदावर साधारण ४० चा झाला. त्याच्या कानात काहीच बदलले नव्हते.

हा फरक किरकोळ वाटतो का? आपल्या दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांवर ७० डेसिबल घट असेल तर बहिरेपणा, आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणे मानले जाते. या दुसऱ्या वर्गाची रुंदीच मुळी १० डेसिबल आहे. शून्य कुठे धरले, यंत्राचे अंशांकन कधी झाले आणि खोली किती शांत होती, यावर एखाद्याचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती किंवा राखीव जागा अवलंबून असू शकते. मोजमाप म्हणजे फक्त यंत्र नसते, त्यामागे करार असतो.

बटण आणि खरे उत्तर

सूर कोणत्या क्रमाने द्यायचा यालाही इतिहास आहे. आवाज हळूहळू कमी करत नेला तर माणूस सवयीने 'ऐकू येतेय' म्हणत राहतो. १९४४ मध्ये ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी खालून वर जाण्याची पद्धत मांडली आणि १९५९ मध्ये रेमंड कारहार्ट व जेम्स जर्जर यांनी ती नेमकी केली. ऐकू आले की १० डेसिबल खाली, नाही आले की ५ डेसिबल वर. चढत्या क्रमात निदान निम्म्या वेळा प्रतिसाद मिळेल अशी सर्वात खालची पातळी म्हणजे तुमचा उंबरठा.

हे समजले की अंदाजाने बटण दाबण्यात अर्थ नाही हेही समजेल. सुरांमधले अंतर मुद्दाम असमान ठेवतात. सूर नसताना आलेला प्रतिसाद लगेच लक्षात येतो. उलट, ऐकू येत असून न येण्याचा बहाणा करणाऱ्यांसाठीही जुने उपाय आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्टेंगर यांनी दोन सारखे नादकाटे वापरून युक्ती काढली. एकच सूर दोन्ही कानांत दिला तर जिथे तो मोठा असतो त्याच बाजूला तो जाणवतो. बहाणा करणारा नेमका इथे अडकतो. सैन्यभरती आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत अशा चाचण्यांना महत्त्व आले. तुम्ही एवढेच करायचे : अगदी मंद, शंका यावी इतका सूर ऐकू आला तरी बटण दाबा, आणि ऐकू आला नाही तर दाबू नका.

चौथा टप्पा : शब्द

सूर ऐकू येणे आणि बोलणे समजणे एकच नव्हे. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत," ही तक्रार तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या गोंगाटातून संदेश समजावेत म्हणून हार्वर्डच्या ध्वनिमानस प्रयोगशाळेत शब्दांच्या याद्या तयार झाल्या. युद्धातून कान गमावून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनात कारहार्ट यांनी त्या तपासणीसाठी वापरल्या. ऑडिओलॉजी हे स्वतंत्र शास्त्र याच कामातून उभे राहिले. आजही तुम्हाला शब्द ऐकवतात आणि ते परत म्हणायला सांगतात.

इथे आपल्या देशाचा प्रश्न येतो. इंग्रजी यादीत दोन्ही अवयवांवर सारखा आघात असलेले शब्द निवडले होते. भारतीय भाषांत आघाताची रीतच वेगळी आहे, त्यामुळे याद्यांचे भाषांतर चालत नाही. प्रत्येक भाषेतल्या ध्वनींच्या प्रमाणानुसार नवी यादी करावी लागते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयात १९६६ मध्ये या विषयाचे शिक्षण सुरू झाले आणि १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. अशा केंद्रांमुळे भारतीय भाषांतील चाचण्यांना चालना मिळाली.

तुम्ही स्वतःच्या राज्याबाहेर शिकत असाल तर हा मुद्दा तुमचा आहे. तमिळ लिपीत 'प' आणि 'ब' यांना एकच अक्षर आहे. हिंदी शब्द ऐकून तमिळभाषक विद्यार्थ्याने दुसरा ध्वनी उच्चारला, तर तो कानाचा दोष नव्हे. मराठीत 'काल' आणि 'काळ' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'ळ' न ओळखणारा तपासनीस चुकीची खूण करू शकतो. म्हणून आधीच सांगा : माझी भाषा अमुक आहे, त्या भाषेतली यादी आहे का? नसेल, तर अहवालात चाचणीची भाषा लिहायला सांगा.

पाचवा टप्पा : न विचारता मोजणे

आतापर्यंतच्या सर्व चाचण्या तुमच्या उत्तरावर अवलंबून आहेत. पण नवजात बाळ बटण दाबत नाही.

कानात मऊ टोपण बसवून हवेचा दाब किंचित कमीजास्त करतात, त्या चाचणीला टिंपॅनोमेट्री म्हणतात. पडदा किती सहज हलतो हे ती दाखवते. इम्पीडन्स ही राशी तुम्ही विद्युत परिपथांत शिकता. तीच कल्पना कोपनहेगनचे ओटो मेट्झ यांनी १९४६ मध्ये कानाच्या मोजमापासाठी वापरली. १९५९ मध्ये तेर्किल्डसेन आणि थॉमसेन यांनी दाब बदलत मोजण्याची पद्धत दिली. पडद्यामागे पाणी असेल तर आलेखाचा डोंगर सपाट होतो.

आतल्या कानाची गोष्ट आणखी रंजक आहे. हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम केलेले गेओर्ग फॉन बेकेशी यांनी कॉक्लियात लाट कशी सरकते ते दाखवले आणि १९६१ चे नोबेल मिळवले. पण त्यांचे प्रयोग मृतांच्या कानांवर होते. १९४८ मध्ये थॉमस गोल्ड यांनी सुचवले होते की जिवंत कानात रेडिओ रिसीव्हरसारखे प्रवर्धन होत असले पाहिजे, आणि तसे असेल तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ३० वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी कानात सूक्ष्म मायक्रोफोन ठेवून तो आवाज नोंदवला. आज नवजात बाळांची तपासणी बहुतेक ठिकाणी याच तत्त्वावर होते. बाळ झोपलेले असले तरी चालते.

गरज पडल्यास डोक्याला इलेक्ट्रोड लावून मज्जातंतू आणि मेंदूच्या खोडाचा विद्युत प्रतिसादही मोजतात. १९७१ मध्ये जेवेट आणि विलिस्टन यांनी त्यातील लाटांचे स्पष्ट वर्णन केले. संकेत इतका क्षीण असतो की हजार-दोन हजार वेळा 'टिक' असा आवाज देऊन सरासरी काढावी लागते. सरासरी घेतली की यादृच्छिक गोंगाट आवृत्तींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, हे तुम्ही सिग्नल प्रोसेसिंगमध्ये शिकताच.

समारोप

घड्याळ, नादकाटा, टेलिफोन, शब्दांची यादी आणि मायक्रोफोन. प्रत्येक साधनाने माणसाच्या उत्तरावरचा भार थोडा कमी केला. तरीही उत्तर देणारा माणूस चाचणीतून गेला नाही. केंप यांच्या पद्धतीने आतल्या कानातील केशपेशी काम करतात का ते कळते, पण वर्गात शेवटच्या बाकावर तुम्हाला काय समजते ते कळत नाही. त्यासाठी तुम्हालाच विचारावे लागते. संपूर्ण चाचणीत हे सगळे टप्पे एकत्र ठेवतात ते एकाची साक्ष दुसऱ्याने तपासावी म्हणून.

तेव्हा तयारी एवढीच : आदल्या दिवशी मोठ्या आवाजापासून दूर राहा, कारण त्याने उंबरठा तात्पुरता सरकतो. जुने अहवाल सोबत न्या. सर्दी झाली असेल तर सांगा. भाषा सांगा. निकालाची प्रत मागून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला ती लागते. या चाचणीत पास-नापास नाही. खोटे उत्तर देऊन मिळवलेला चांगला आलेख तुमच्या कानाच्या काहीच उपयोगाचा नाही.

विचारासाठी प्रश्न

१. थॉमस बार यांनी फक्त बॉयलर कामगार तपासले असते, तर त्यांचा निष्कर्ष कितपत पटला असता?
२. १९६४ मध्ये शून्य सरकले, तेव्हा जुने आणि नवे अहवाल शेजारी ठेवून तुलना करताना कोणती काळजी घ्यावी लागली असेल?
३. तुमच्या मातृभाषेत शब्दयादी तयार करायची झाली, तर शब्द निवडताना कोणते निकष लावाल?
४. बाळाच्या तपासणीत वापरायची चाचणी प्रौढासाठी एकटीच पुरेशी का नाही?